सोलापुरात घर बांधताय? आधी उतारा, मग नकाशा

बांधकाम परवान्याची फाइल अडली की नाव महापालिकेचं होतं. कधी कधी ते खरंही असतं. पण नकाशे काढणं आणि फायली लावणं हेच रोजचं काम असल्यामुळे सांगतो, घरगुती बांधकामाची फाइल बहुतेक वेळा जागेच्या कागदात अडते. उतारा अजून आजोबांच्या नावावर, प्लॉट जाग्यावर तीस बाय चाळीस आणि खरेदीखतात भलताच, रस्ता नकाशात एक आणि प्रत्यक्षात एक. लोक मात्र आधी हॉल किती मोठा, देवघर कुठे, जिना आतून की बाहेरून यावर महिनाभर घालवतात आणि कागद शेवटी शोधायला घेतात. सोलापुरात पहिल्यांदाच घर बांधणाऱ्याने किंवा जुनं घर नवं करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, त्यासाठी हे लिहितो आहे.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही

रंगकाम, गिलावा, फरशी बदलणं, गळकं प्लंबिंग, दारं-खिडक्या आहेत त्याच जागी नव्या बसवणं, पत्रा गंजला म्हणून त्याच उंचीवर नवा पत्रा टाकणं, वजन न घेणारं आतलं पार्टिशन, खिडक्यांना जाळ्या, फॉल सीलिंग. यांना परवाना लागत नाही. साधी दुरुस्ती म्हणजे एवढंच.

नवं घर, वाढीव खोली, वरचा मजला, कॉलम-बीम किंवा वजन घेणारी भिंत हलवणं, गॅलरी पुढे काढणं, घराच्या पुढच्या खोलीचं दुकान करणं, या सगळ्याला परवाना लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ४४ त्यासाठीच आहे, आणि 'माझ्या जागेत मी काहीही करीन' हे उत्तर त्या कायद्यापुढे चालत नाही.

सोलापुरात खरा घोळ माळवदावर होतो. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, बाळीवेस भागात आजही माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, वर किलचन, त्यावर मातीचा थर. पावसाळ्यात गळायला लागलं की मिस्त्री म्हणतो, "माळवद काढून स्लॅब टाकू की, दुरुस्तीच आहे." ती दुरुस्ती नव्हे. मातीच्या भिंती स्लॅब पेलत नाहीत, म्हणून कॉलम येतात, कॉलम आले की पाया खोदावा लागतो, आणि पाया खोदला की ते नवीन बांधकाम झालं. गळती थांबवण्यासाठी माळवदावर नवी माती टाकली किंवा वर पत्रा घेतला तर गोष्ट वेगळी. स्लॅबचा विचार आला की परवान्याचाही यायला हवा. त्यात शेजाऱ्याची भिंत सामायिक असेल तर त्याच्याशी आधी बोला, आणि झालेलं बोलणं लेखी घ्या. जुनी भिंत पाडताना शेजारच्या तुळईचं टोक आपल्या भिंतीत निघालं, असा प्रकार पेठांमध्ये नवा नाही.

पहिली पायरी: उतारा

गावठाण आणि सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका लागते, बाकी ठिकाणी सातबारा. दोन्ही आता ऑनलाइन डिजिटल सहीचे मिळतात. सहा महिन्यांच्या आतला ताजा काढा. दिवाणातल्या पिशवीत ठेवलेली जुनी झेरॉक्स उपयोगाची नाही.

हातात आल्यावर उतारा नुसता नाव बघून ठेवून देऊ नका. चार गोष्टी नीट वाचा.

नाव कोणाचं आहे? आजोबा वारले असतील आणि वारस नोंद झाली नसेल तर अर्ज करणाऱ्याचा मालकीहक्कच कागदावर दिसत नाही. आधी वारस नोंद, मग पुढचं. चार भाऊ-बहिणी सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांची संमती, किंवा ज्यांना हिस्सा नको त्यांचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र. बहिणींना "सहीपुरतं ये गं" म्हणून शेवटच्या आठवड्यात बोलावण्यापेक्षा हा विषय घरात आधी काढावा. परवान्यापेक्षा जास्त वेळ यातच जातो, आणि तो जावाच, कारण त्यांचा हक्क खरा आहे.

क्षेत्र किती आहे? उताऱ्यावरचं, खरेदीखतातलं आणि जागेवरचं, तिन्ही जुळायला हवीत. जुळत नसतील तर हिशोब साधारणपणे सगळ्यात कमी असेल त्यावर होतो. शंका असेल तर भूमी अभिलेख विभागाकडे मोजणीचा अर्ज करा. तोही ऑनलाइन होतो, नियमित किंवा द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीला फी जास्त. मोजणी झाली की नकाशाची 'क' प्रत मिळते. ती जपून ठेवा, पुढे कुंपणाच्या भांडणातही तीच कामाला येते.

सत्ता प्रकार किंवा भूधारणा काय लिहिली आहे? 'ब' सत्ता प्रकार किंवा भोगवटादार वर्ग २ असेल तर जमिनीला शासनाच्या अटी आहेत आणि आधी महसूल विभागाची परवानगी किंवा रूपांतर बघावं लागतं.

इतर हक्कात काय आहे? बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, कुळाची नोंद, न्यायालयातला दावा. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला घेऊन तो उतरवून घ्यावा लागतो.

उताऱ्यासोबत खरेदीखत, मंजूर लेआउटची प्रत, अकृषिक आदेश असल्यास तो, आणि मिळकतकराची चालू पावती. थकबाकी असेल तर ती आधीच भरा. अर्ज तेवढ्यासाठी परत येणं म्हणजे उगाच हात दाखवून अवलक्षण.

अकृषिक, म्हणजे एनए, याबद्दल एक गैरसमज अजून फिरतो आहे. विकास आराखड्यात जागा रहिवास विभागात असेल तर जमीन महसूल संहितेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून वेगळी एनए परवानगी आणण्याची गरज राहिलेली नाही. शासनाने ठरवलेली रक्कम मात्र भरावी लागते. तेव्हा "एनए करून देतो" म्हणून कोणी मोठा आकडा सांगत असेल तर आधी तुमची जागा कोणत्या विभागात येते ते बघा.

गुंठेवारीचा प्लॉट असेल तर

१९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आसपासची गावं शहरात आली. तिथल्या शेतांचे गुंठे-दोन गुंठे पाडून विकले गेले. कुठे लेआउट मंजूर नाही, कुठे रस्ता आहे पण कागदावर नाही, कुठे एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. त्यातलाच प्लॉट तुमचा असेल तर सरळ बांधकाम परवान्याचा अर्ज चालणार नाही. आधी गुंठेवारी नियमितीकरण.

त्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ पूर्वीचे प्लॉट होते. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे आले. शुल्क भरून प्लॉट नियमित झाला, दाखला हातात आला, की मग घराचा नकाशा. आरक्षणातला, ओढ्या-नाल्यातला किंवा सरकारी जागेवरचा प्लॉट यात बसत नाही, कितीही शुल्क भरायची तयारी असली तरी.

प्लॉट अजून घेतला नसेल तर फारच उत्तम. विकणाऱ्याकडे मंजूर लेआउटची प्रत किंवा गुंठेवारीचा दाखला मागा. "सगळ्यांनी बांधलंय की इथं, तुम्हालाच काय होतंय?" हे वाक्य ऐकू आलं तर इसार देऊ नका.

दुसरी पायरी: तुमच्या जागेवर काय काय लागू आहे

महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. रहिवास विभाग आहे का, आरक्षण आहे का, रस्तारुंदी जागेतून जाते का, हे त्यात कळतं. बारा फुटांची बोळ आराखड्यात नऊ मीटरचा रस्ता असू शकते, आणि तेवढी जागा तुमच्या पुढच्या बाजूने जाते. नवा प्रारूप आराखडा जाहीर झालेला असेल तर मंजूर आणि प्रारूप असे दोन्ही तपासून घ्या.

मग ना-हरकती. सर्वांना सगळ्या लागत नाहीत, पण सोलापुरात दोन ठिकाणी नवख्या माणसाला हमखास धक्का बसतो.

एक, भुईकोट किल्ला. हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. सिद्धेश्वर पेठ, विजापूर वेस, पार्क चौक या बाजूला घर असेल तर आधी अंतर मोजून घ्या. मनाईच्या पट्ट्यात दुरुस्ती-नूतनीकरणसुद्धा सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच, आणि नियंत्रित पट्ट्यात नव्या बांधकामाला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ना-हरकत. महापालिकेने नकाशा बघून मान हलवली म्हणून हे टळत नाही.

दोन, होटगी रोडचं विमानतळ. तिथून विमान उडावं म्हणून जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तेव्हा उंचीचा प्रश्न किती टोकाला जातो हे अख्ख्या सोलापूरने टीव्हीवर पाहिलं आहे. होटगी रोड, मजरेवाडी, कुमठे या पट्ट्यात मजले ठरवण्याआधी विमानतळ प्राधिकरणाची उंचीची ना-हरकत लागते का ते विचारा. अर्ज त्यांच्या 'नोकास' या ऑनलाइन प्रणालीवर होतो. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. वरची पाण्याची टाकी आणि जिन्याचा माथाही इमारतीच्या उंचीत धरतात.

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेची ना-हरकत. एमआयडीसीच्या हद्दीत प्लॉट असेल तर परवाना महापालिका देत नाही, एमआयडीसी स्वतः देते. घरावरून किंवा शेजारून ११ हजार व्होल्टची तार जात असेल तर आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर सुटलं पाहिजे. हे कागदापुरतं समजू नका. गच्चीवर सळया उचलताना तारेला लागून जीव गेलेले आहेत.

तिसरी पायरी: माणूस निवडणं

मालकाने स्वतः कागदावर रेघा मारून अर्ज करता येत नाही. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता लागतो. आर्किटेक्टची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे असते, अभियंत्याचा परवाना महापालिकेचा. परवाना चालू वर्षासाठी नूतनीकरण केलेला आहे का, हे विचारायला लाजू नका.

फी ठरवताना काय काय धरलं आहे हे लिहून घ्या. नकाशा, स्ट्रक्चरल डिझाइन, ऑनलाइन अर्ज, त्रुटींची पूर्तता, जोत्याचा दाखला, आणि शेवटचा वापर परवाना. हे शेवटचं बऱ्याचदा बोलण्यातच येत नाही आणि मग घर बांधून झाल्यावर तो विषय अधांतरी राहतो. स्ट्रक्चरल डिझाइनला सोलापुरात कात्री लावू नका. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते, आणि घराच्या भिंतींना तिरके तडे जातात. पाया किती खोल, जोत्याला बीम कसे, हे 'शेजाऱ्याने पाच फूट काढला' यावरून ठरवायचं नसतं.

दोन सवयी लावून घ्या. अर्जात मोबाइल नंबर तुमचा द्या. आणि महापालिकेची फी नेहमी तुमच्या नावाच्या चलनाने भरा, पावती स्वतःकडे ठेवा. एजंटाच्या हातात रोख देऊन 'परवाना आला' असा निरोप मिळाला तर परवाना क्रमांक ऑनलाइन प्रणालीत दिसतो का ते बघितल्याशिवाय पाया खोदू नका.

चौथी पायरी: नकाशा

राज्यात मुंबई वगळता जवळपास सगळीकडे डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. बोलताना सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. सोलापूरलाही तीच लागू.

एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं त्याचं, गणित एकदा स्वतः करून बघा. पेठांबाहेरच्या, दाट वस्ती नसलेल्या भागात मूळ एफएसआय १.१ आहे. प्लॉट ३० बाय ४०, म्हणजे १,२०० चौरस फूट धरा. १,२०० गुणिले १.१, म्हणजे १,३२० चौरस फूट. त्यावर ६० टक्क्यांपर्यंत आनुषंगिक, म्हणजे जोडीचा एफएसआय अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळतो, म्हणजे आणखी ७९२. सगळे मजले मिळून २,११२ चौरस फूट. जुन्या नियमात गॅलरी आणि जिना क्षेत्रातून वगळून दाखवायची युक्ती होती. आता बाहेरच्या रेषेच्या, 'पी-लाइन'च्या आत येणारं सगळं मोजतात, गॅलरीसुद्धा. त्यामुळे आनुषंगिक एफएसआय नको म्हणून पैसे वाचवायचे, की घेऊन मोठ्या खोल्या करायच्या, हा निर्णय नकाशाआधी घ्यायचा असतो. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर यापलीकडे अधिमूल्याचा जादा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क, मिळत नाही. दाट वस्तीत, म्हणजे जुन्या पेठांत, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.५ आहे, त्यापेक्षा रुंद रस्त्यावर २.

एफएसआय मिळाला म्हणजे तेवढं बांधता येतंच असं नाही, कारण मध्ये मार्जिन येतं. पुढे, मागे, बाजूला किती जागा सोडायची हे रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं माप यावर ठरतं. सोलापुरात मार्जिनचा बळी जातो तो बाहेरच्या जिन्यामुळे. वरचा मजला भाड्याने द्यायचा, भाडेकरू आपल्या हॉलमधून नको, म्हणून बाजूच्या मार्जिनमध्ये लोखंडी किंवा काँक्रीटचा जिना चढवतात. नकाशात तो नसतो. जागेवर असतो. वापर परवान्याची पाहणी तिथेच थांबते. भाड्याचा विचार पहिल्यापासून असेल तर जिना पी-लाइनच्या आत घ्या आणि त्याला रस्त्याकडून दार द्या. एक खोली लहान होते खरी, पण घर कागदावर पूर्ण होतं.

हौदाचंही असंच. पाणी रोज येत नाही, म्हणून सोलापूरकर जमिनीखाली मोठा हौद करतोच. तो नकाशात दाखवा, आणि सेप्टिक टँकपासून जमेल तितका लांब घ्या. हद्दवाढ भागात जिथे ड्रेनेज लाइन पोचलेली नाही तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डाही नकाशात लागतो. वास्तुवाले ईशान्येला हौद सांगतात. तो कोपरा सोडायला हरकत नाही, फक्त शेजाऱ्याचा सेप्टिक टँक भिंतीपलीकडे नेमका कुठे आहे ते आधी बघून घ्या. ५०० चौरस मीटर किंवा मोठा प्लॉट असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. लहान प्लॉटवर सक्ती नाही, तरी करावी असं माझं मत. बोअर कुठवर खाली गेले आहेत ते आपण बघतोच आहोत.

पूर्वभागात घरातच माग चालतात. खाली यंत्रमाग आणि वर राहणं असा बेत असेल तर खालच्या खोलीला 'हॉल' म्हणून नकाशात दाखवू नका. जे आहे ते दाखवा आणि रहिवास विभागात किती अश्वशक्तीपर्यंत चालतं ते अभियंत्याकडून तपासून घ्या. नाहीतर पुढे वीजजोडणी, कर्ज आणि विमा, तिन्हीकडे कागद एक आणि जागा एक अशी गत होते.

पाचवी पायरी: अर्ज, त्रुटी, चलन

अर्ज राज्याच्या ऑनलाइन बांधकाम परवाना प्रणालीतून, म्हणजे 'बीपीएमएस'मधून, तुमचा आर्किटेक्ट किंवा अभियंता भरतो. तुमच्याकडून मालकीचे कागद, ओळखपत्र, फोटो, सह्या आणि हमीपत्र. नकाशा ठरावीक पद्धतीने, लेयर लावून काढलेला असावा लागतो, कारण क्षेत्रफळ आणि मार्जिन आधी संगणकच तपासतो.

लहान प्लॉटला यूडीसीपीआरने मोठी सोय दिली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १,६१५ चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर कमी जोखमीच्या घरासाठी नियमानुसार नकाशा, मालकीचे कागद आणि अभियंत्याचा दाखला देऊन शुल्क भरलं की ती पोच हाच परवाना धरतात. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटसाठी दहा दिवसांची मुदत आहे. वर्तमानपत्रांनी याच्या 'दीड हजार फुटांपर्यंत परवानाच नको' अशा बातम्या केल्या आणि बरेच जण तेवढंच लक्षात ठेवून बसले. तसं नाही. कागद द्यायचे, शुल्क भरायचं, नियम पाळायचे, सगळं आहेच. फक्त मंजुरीची वाट बघावी लागत नाही. आणि नकाशा नियमात नव्हता असं पुढे निघालं तर जबाबदारी तुमची आणि दाखला देणाऱ्याची.

यापेक्षा मोठ्या कामात छाननी होते आणि स्थळपाहणी होते. कनिष्ठ अभियंता जागेवर येईल त्या दिवशी प्लॉटचे चारही कोपरे दिसतील असं करा, बाभळी आणि राडारोडा काढून ठेवा. त्रुटी निघाली तर ती लेखी किंवा प्रणालीत मागा. तोंडी त्रुटीला तोंडी उत्तर दिलं की फाइल तिथेच फिरत राहते. सगळं नियमात असूनही ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे. पण तिच्या भरवशावर बांधकाम करू नका, बँक ती सहजासहजी मानत नाही. तिचा उपयोग पाठपुराव्याच्या पत्रात छान होतो. अर्ज नाकारला तर ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येतं. नुसता उशीर होत असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालचं अपील आहेच.

मंजुरीचा टप्पा आला की चलन येतं. विकास शुल्क, छाननी शुल्क, अनामत, आनुषंगिक एफएसआय घेतला असेल तर त्याचं अधिमूल्य, आणि कामगार कल्याण उपकर लागू असेल तर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. विकास शुल्क आणि अधिमूल्य तुमच्या भागाच्या रेडी रेकनर दरावर निघतं, म्हणून होटगी रोडच्या आणि देगावच्या सारख्याच घराचं चलन सारखं येत नाही. अभियंत्याला पहिल्याच भेटीत अंदाजी आकडा काढायला लावा. बजेटमध्ये सिमेंट-सळई धरतात आणि हे विसरतात.

सहावी पायरी: काम सुरू झाल्यावर

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे मंजूर झालेला हाच परवाना, दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं. एकूण आयुष्य चार वर्षं. पैसे संपले म्हणून काम थांबलं तरी नूतनीकरण थांबवू नका, त्याची फी नव्या अर्जापेक्षा खूप कमी असते.

मंजूर नकाशाची एक प्रत जागेवर ठेवा आणि गवंड्याच्या हातात तीच द्या. लाइनआउटच्या दिवशी अभियंत्याला उभं करा. चुन्याची फक्की पडली की टेप घेऊन स्वतः चारही बाजूंचं मार्जिन मोजा, तेही कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून, भिंतीच्या मधून नव्हे. नऊ इंच इकडेतिकडे झालं तर आत्ता दहा मिनिटांत सुधारतं. जोत्यापर्यंत काम आलं की जोत्याचा दाखला. इथवर सगळं नकाशाप्रमाणे असेल तर पुढे फार बिघडत नाही.

मध्येच बदल सुचतातच. मेहुणे येतात आणि म्हणतात, "दाजी, गॅलरी दोन फूट बाहेर काढा की." आतल्या आत खोलीची भिंत सरकली तर शेवटच्या नकाशात दाखवता येते. बाहेरची रेषा, उंची किंवा मजला बदलणार असेल तर आधी सुधारित नकाशा, मग सेंट्रिंग. वाळू-खडी रस्त्यावर टाकायची असेल तर झोन कार्यालयात विचारून टाका. गटारीच्या तोंडावर तर अजिबात नको.

सातवी पायरी: वापर परवाना

वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, की बहुतेकांसाठी काम संपतं. कागदावर ते घर अजून अपुरंच असतं. पूर्णत्वाचा दाखला अभियंत्याने द्यायचा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्य दाखला जोडायचा, आणि महापालिकेकडून वापर परवाना, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं. तो नसेल तर विकताना खरेदीदाराची बँक अडते, तारण ठेवताना अडतं, भरलेली अनामतही तशीच पडून राहते. मिळकतकराची आकारणी झाली म्हणजे घर कायदेशीर झालं असं नाही. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, आणि वर शास्ती लागू शकते ती वेगळी.

आधीच बांधून झालं असेल तर

वडिलांनी वरच्या दोन खोल्या विनापरवाना चढवल्या आणि आता त्यावर कर्ज हवं आहे, अशी विचारणा नेहमी येते. आहे त्या बांधकामाचा खरा नकाशा काढून घ्या आणि नियमात किती बसतं ते बघा. बसत असेल तर तडजोड शुल्क आणि बाकीची शुल्कं भरून नियमित करण्याचा अर्ज करता येतो. मार्जिनमधला जिना किंवा रस्त्यावर आलेली गॅलरी बसणार नाही. तेवढा भाग काढून उरलेलं नियमित करून घेणं बहुतेक वेळा परवडतं. विनापरवाना बांधकामाबद्दल नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस आली असेल तर ती कपाटात ठेवू नका. नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, मुदत गेली की तो दरवाजा बंद. नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हातात पडली ती तारीख, दोन्ही पाकिटावर लिहून ठेवा आणि त्याच दिवशी अभियंत्याला फोन लावा.